पडद्याआडची झडती

अक्का, तू गेल्यापासून मला तो पडदा दिसतो. जरा डोळा लागला की येतो. जाड हिरव्या कापडाचा, वर पितळी कड्या, खालची शिवण एका बाजूला उसवलेली. वारा नसतानाही हलतो. पलीकडं तू उभी आहेस हे मला ठाऊक असतं, कारण तुझ्या काळ्या बुटांची टोकं खालून दिसतात. मी रांगेत असते आणि रांग काही पुढं सरकत नाही. माझ्यापुढं बायका असतात, कुणी आपल्या गावच्या, कुणी कधी न पाहिलेल्या. परवा तर आपली आजी होती, डोक्यावर उसाच्या पाल्याचा भारा घेऊन विमानाला निघालेली. मला हसू आलं आणि जाग आली. जाग आल्यावर हसू टिकत नाही.

काल तुझं तेरावं झालं. आबांनी पेपरात द्यायला चार ओळी तयार केल्या होत्या, तुझा जन्म, तुझं लग्न, दाजींचं लढाईत जाणं, तुझी पोलिसातली नोकरी. सगळं खरं होतं. मी वाचलं आणि म्हटलं, आबा, यात अक्का कुठं आहे? आबा चष्मा पुसत बसले. म्हणून मी हे लिहायला बसले आहे. पेपरात द्यायला नव्हे, तुझ्याशी बोलायला. काल पाहुणे पांगल्यावर माझ्या सासूबाईंनी मला एक गोष्ट सांगितली. ती तुला माहीतच आहे. पण ती सांगण्याआधी मला आपलं भांडण पहिल्यापासून मांडू दे. तू मला मधे बोलू द्यायची नाहीस, आज तुझा नाइलाज आहे.

तुझे हात मला सगळ्यात आधी आठवतात. मी लहान असताना तू मला पाटाच्या कडेला बसवायचीस, माझे पाय पाण्यात, आणि माझ्या केसांतून बोटं फिरवत उवा शोधायचीस. एक सापडली की मला दाखवायचीस, नाही सापडली की नाराज व्हायचीस. पाण्यावर उन्हाचे तुकडे हलायचे, उसातून वारा यायचा, आणि मी तिथंच पेंगायचे. आई म्हणायची, हौसाच्या हाताला गुण आहे, पोर रडत असली तरी झोपते. तुझ्या हाताचं कौतुक तेव्हा सगळ्या गावाला होतं. लोणचं घालायचं तर हौसाला बोलवा, नवरीला हळद लावायची तर हौसाला पुढं करा.

मग एकाहत्तरच्या लढाईत दाजी गेले आणि त्याच हातांना कुणी विचारेनासं झालं. आई काही दुष्ट नव्हती, अक्का. रोज रडायची. पण घरात हळदीकुंकू असलं की नेमकं तुला आत काहीतरी काम निघायचं. दाणे भाजायचे असायचे, नाहीतर कुणाचं तरी पोर सांभाळायचं असायचं. ओटी भरायच्या वेळी तर तू आपण होऊनच मागच्या दारी जायचीस, कुणाला 'सरक' म्हणायची पाळी येऊ नये म्हणून. मला ते बघवत नसे. मी चिडले की तू म्हणायचीस, "तू कशाला जीव जाळतीस? त्यास्नी तरी दुसरं काय म्हाईत हाय?"

आबा मात्र फौजेतले. रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तुला साताऱ्याला नेलं आणि पोलिसात भरती करून आणलं. गावानं तोंडात बोटं घातली. आईनं दोन वेळा जेवण सोडलं आणि तिसऱ्या वेळी भूक लागली म्हणून जेवली. पहिली नेमणूक मिरज स्टेशनावर. ते रेल्वेच्या संपाचं वर्ष होतं, रुळांवर पहारे बसले होते, फलाटावर लोकांची बोचकी उघडून बघायचा हुकूम निघाला होता. पुरुषांना बघायला पुरुष होते, बायकांना बघायला तू. कवठे महांकाळकडची एक धनगर म्हातारी तुझ्यापुढं आली, तू तिला चाचपायला दोन्ही हात पुढं केलेस, तर तिला वाटलं ही कुणीतरी ओळखीची लेक भेटतेय. तिनं तुला कवटाळलं, गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि विचारलं, कुणाची गं तू? तू तशीच तिच्या मिठीत उभी राहिलीस. नंतर मला सांगताना तू म्हणालीस, दाजी गेल्यापासून तुला कुणी असं जवळ घेतलंच नव्हतं.

त्याच सुमाराला विमानं पळवून नेण्याच्या बातम्या येत होत्या. सरकारनं ठरवलं की यापुढं अंगझडती झाल्याशिवाय कुणी विमानात पाय ठेवायचा नाही, मग तो मंत्री असो की व्यापारी. पण बायकांच्या अंगाला हात लावायला बायकाच हव्यात, आणि तेव्हा पोलिसात बायका असून असून किती असणार? जिल्ह्याजिल्ह्यातून गोळा करून मुंबईला पाठवल्या, त्यात तू. कोपऱ्यात लाकडी चौकट ठोकून पडदा लावला, आत एक टेबल ठेवलं, झाली तुझी खोली. दिवसभर उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला खांद्यापासून पायापर्यंत बघायचं. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, परक्या बायांच्या अंगाला हात लावायचं कसलं गं मेलं काम. आबा म्हणाले, "सरहद्द काय निस्ती डोंगरावरच असती व्हय? आता ती हिच्या टेबलापाशी आलीया."

तू रजेवर यायचीस तेव्हा आपण पुन्हा त्याच पाटावर बसायचो. तू बूट काढून पाय पाण्यात सोडायचीस आणि एकेक सांगायचीस. गुदगुल्या होतात म्हणून खिदळत सुटणाऱ्या बायका, रागानं लाल होणाऱ्या बायका, अत्तराच्या वासानं पडद्याचं कापड दोन दिवस घमघमत ठेवणाऱ्या बायका. माझ्या डोळ्यांपुढं तो विमानतळ तरंगायचा, गुळगुळीत फरशीचा, कुठून येतो कळत नाही अशा आवाजात गावांची नावं पुकारणारा. एक बाई तुझं मोकळं कपाळ बघून पडद्यातच थबकली. तिच्या लेकीचं लग्न होतं, ती बस्ता घेऊन निघाली होती. तिनं विचारलं, दुसरी कुणी नाही का? तू म्हणालीस, "सरकारनं मलाच ठेवलंय बाई. हात वर करा." हे सांगताना तू हसत होतीस. मी नव्हते हसत.

मी तुला एकदा चिडवलं होतं, इतक्या बायका चाचपल्यास, सापडलं काय? तू म्हणालीस, अडकित्ते, तपकिरीच्या डब्या, एकदा कमरेला बांधलेला पुरणाचा गोळा. म्हटलं, मग सरकारनं एवढा खटाटोप कशाला केला? तू पाण्यात पाय हलवत राहिलीस. मग म्हणालीस, "सापडत न्हाई त्येच तर काम हाय, नंदे. माणसं सुखरूप उतरत्यात, त्यास्नी कळत बी न्हाई." आणि आणखी एक गोष्ट सांगितलीस, जी मी कधी विसरणार नाही. ज्यांच्याजवळ काही नसतं त्यांचीही छाती धडधडत असते, म्हणालीस. हात लावला की कळतं. प्रत्येक बाईला वाटतं, आपण काहीतरी लपवलंय आणि आता ते सापडणार.

आता माझं. तुला माहीत आहे, तरी सांगते. माझं सासर विट्याचं, गलाईवाल्यांचं. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा, दुकान कलकत्त्याला, घर विट्याला. लग्नानंतर मला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा विट्याच्या घरात सगळं हातचं गेलं. तिसऱ्या वेळी मी जत्रेसाठी विट्याला आले होते आणि तिथंच कळलं. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, एका सकाळी जाहीर करून टाकलं की हिला या घरात ठेवायची नाही, या उंबऱ्यालाच नजर आहे, मी हिला कलकत्त्याला घेऊन जाते. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, दोन दिवसांची रेल्वे नको, हिसके बसतील. मग असं ठरलं की मुंबईपर्यंत मोटारीनं मुक्काम करत हळूहळू जायचं आणि पुढं विमानानं. ह्यांनी तिकिटं काढली. आमच्या घरात विमानात बसणाऱ्या आम्ही दोघीच पहिल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. मला रात्रंदिवस एकच भीती होती, हे तिसरंही जाईल की राहील.

वाटेत आपल्या घरी मुक्काम केला. मला तिसरा महिना संपत आला होता. आईनं चोरओटी भरायचं ठरवलं, गाजावाजा न करता भरतात ती, दृष्ट लागू नये म्हणून. शेजारच्या सवाष्णी आल्या. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. आत्याबाई आत चुलीपाशी बसून राहिल्या. मामंजी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, त्यांचंही कपाळ तुझ्यासारखंच मोकळं. आईनं माझ्या पदराची घट्ट गाठ मारून ओटी पोटाशी खोचली आणि सांगितलं, कलकत्त्याच्या घरी देवापुढं ठेवेपर्यंत ही सुटायची नाही, मधे कुणाच्या हातात द्यायची नाही. मी मान डोलावली. शिरवळपर्यंत मोटारीत मी दोन्ही हातांनी ती ओटी धरून होते. विमानाच्या दाराशी माणसांना चाचपतात आणि तिथं माझीच बहीण उभी असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ओटीचा नारळ हा सरकारच्या लेखी पोटाशी लपवलेली टणक गोल वस्तू असते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आपल्यालाच जमावी अशी चूक.

सकाळची वेळ होती. मोठमोठ्या काचांतून पिवळट ऊन आत येत होतं आणि फरशीवर पाण्यासारखं साचलं होतं. आम्ही बायकांच्या रांगेत लागलो. पुढं आत्याबाई, मागं मी. पडद्याखाली मला तुझे बूट दिसले आणि तेव्हा कुठं मला नारळाची आठवण झाली. आत्याबाई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर येईनात. मागच्या बायका चुळबुळ करू लागल्या. मला वाटलं, झालं, ह्या काहीतरी बोलल्या तुला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा दगडासारखा होता. पदर सारखा करत त्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी आत आले. तू म्हणालीस, "हात वर करा." मी म्हटलं, अक्का, मी आहे. तू म्हणालीस, "दिसतंय. हात वर करा." तुझे हात खांद्यावरून, काखेतून, पाठीवरून उतरले आणि पोटाशी थांबले. पाटावर मला झोप आणणारे तेच हात, पण गार पडलेले. तू गाठ सोडलीस. मी हळू आवाजात म्हणत होते, अक्का, आईनं सुटू देऊ नको म्हटलंय, अक्का, तिसरं आहे गं. नारळ टेबलावर ठेवलास, त्याची शेंडी बाजूला करून डोळे बघितलेस, कवटीवरून नख फिरवून कुठं सांधा आहे का पाहिलंस. मग तो कानाशी नेऊन हलवलास. आत पाणी वाजलं. त्या एवढ्याशा हिरव्या जागेत आपण दोघींनी ते ऐकलं. मग तू तांदूळ अॅल्युमिनियमच्या ताटलीत ओतलेस आणि बोटांनी पसरून बघितलेस, जशी आई निवडताना बघते.

माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी नारळ उचलायला हात पुढं केला. इतर बायकांच्या वस्तू तू टेबलावरून त्यांच्याकडं सरकवायचीस आणि म्हणायचीस, घ्या उचलून. हे तूच मला किती वेळा सांगितलं होतंस. पण तू माझा हात बाजूला केलास.

"पदर धर," तू म्हणालीस.

मी पदर धरला. तू आधी नारळ ठेवलास, मग खण, मग ओंजळ भरभरून तांदूळ घातलेस, हळू, एकही दाणा खाली पडणार नाही असे. हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. तुझे ओठ हलत होते. मग गाठ मारलीस, आईनं मारली होती त्याहून घट्ट, आणि क्षणभर तळहात तिच्यावर ठेवलास. बाहेरून फौजदारानं विचारलं, बाई, काय अडलं का? तू म्हणालीस काही नाही, ओटी हाय. मला म्हणालीस, हळू चढ. आणि पडदा सारून मोठ्यानं हाक दिलीस, पुढच्या बाई या.

विमानात आत्याबाई खुर्चीचे दांडे पकडून बसल्या होत्या आणि तोंडात लवंग धरली होती. खाली ढग होते, पिंजलेल्या कापसाचं शेतच्या शेत. मला वाटलं, आपण मेलो असू आणि हे असंच असत असेल, इतकं शांत होतं. भीती कुठं गेली ते मला कळलं नाही. ओटीवर तुझ्या तळव्याची ऊब कलकत्त्यापर्यंत होती. असं काही नसतं, मला कळतं. तरी होती.

आणि वैशाली झाली, धडधाकट, काळीसावळी, तुझ्यासारखी रुंद कपाळाची.

आपलं भांडण इथं सुरू झालं. तोवर तू बदली मागून पुन्हा मिरजेला आली होतीस. मी पोरीला घेऊन पहिल्यांदा कलकत्त्याहून आले ती आधी तुझ्या फलाटावर उतरले. तू खाकी साडीत उभी होतीस. वैशालीनं तुझ्या शिट्टीची दोरी पकडली ती सोडेना. मी म्हटलं, अक्का, बारसं गावी करायचं म्हणून ठेवलंय, त्याला तू पुढं व्हायचं, पाळण्याला पहिला हात तुझा, कारण माझी ओटी तू भरलीस. तुझा चेहरा एकदम मिटला. म्हणालीस, "म्या झडती घेतली. सरकारी काम हाय ते." मी म्हटलं, मग उचलून घे का नाही म्हणालीस? तू म्हणालीस, गर्दी होती, तू रडत होतीस, तांदूळ सांडले असते. मी म्हटलं, ओठ कशाला हलत होते? तू म्हणालीस, मोजत होते, सरकारी नियम आहे. असा नियम कुठल्या सरकारनं केला असेल, अक्का? खोटं बोलायचं तर जरा बेतानं बोलावं. बारशाला तू आलीच नाहीस, रजा नाही म्हणून कळवलंस.

त्यानंतर दर खेपेला तेच. मी कलकत्त्याहून आले की विट्याची एसटी धरायच्या आधी तुला गाठायची, कारण मला ते तुझ्या तोंडून वदवून घ्यायचंच होतं. तू उतारूंच्या पेट्या उघडून बघत असायचीस आणि मी तुझ्या मागं मागं, कडेवर पोर घेऊन, वकिलासारखी मुद्दे मांडत. मग चहावाल्याकडं कपात बुडवून खारी खात आपण भांडायचो. कधी रागावून मी म्हणायचे, आता बोलणारच नाही. पुढच्या खेपेला पुन्हा मीच सुरुवात करायची. एका चैत्रात तर आपल्या घरी मी हळदीकुंकवाच्या भर बैठकीतून उठून आत आले. तू पन्ह्यासाठी कैऱ्या पिळत होतीस. मी तुझा हात धरला आणि ओढायला लागले, म्हटलं, चल बाहेर, मी सगळ्यांना सांगते वैशाली कुणाच्या हातानं जगली. तू कैरीचे हात तसेच वर धरलेस. इतकी चिडलेली मी तुला कधी पाहिली नव्हती. "माज्या जिवावर उठू नगंस नंदे. झडती हुती ती," म्हणालीस. मी बाहेर येऊन बसले आणि कुणी ओटी भरली ती मुकाट घेतली.

शेवटचं मिरजेच्या दवाखान्यात. कावीळ पार भिनली होती. कळल्याबरोबर मी विमानानंच निघाले, आणि कलकत्त्याच्या विमानतळावर एका अनोळखी पोरीनं, तुझ्यासारख्याच पडद्याआड, माझ्या खांद्यांवर हात ठेवले तेव्हा मला हुंदका आवरेना. ती बिचारी घाबरली, तिच्या बंगालीत विचारू लागली, लागलं का? तुझ्यापाशी पोचले तर दुपारचं ऊन खिडकीतून तुझ्या पांघरुणावर आलं होतं आणि तुझी बोटं त्या पांघरुणावरून फिरत होती, खांद्यापासून खाली, सावकाश, जणू तिथं कुणी उभं होतं. लांबून गाड्यांच्या शिट्ट्या येत होत्या. तू डोळे उघडलेस, पिवळेधमक, आणि मला ओळखलंस. मी म्हटलं, अक्का, आता तरी कबूल कर. तू हसलीस. तेवढ्यानंही तुला धाप लागली.

"झडतीच ती," म्हणालीस.

त्यानंतर तू माझ्याशी काही बोलली नाहीस. दहाव्याला कावळा लगेच शिवला असं पुरुषांनी येऊन सांगितलं. कुणाला रांगेत ताटकळत ठेवायचा तुझा स्वभाव नव्हताच. सगळ्यांना बरं वाटलं. मला राग आला. इतकं सगळं मागं ठेवून तू अशी कशी निघून गेलीस?

काल जेवणं उरकल्यावर आत्याबाई मला म्हणाल्या, चल जरा पाटाकडं. त्यांना आता दिसायला कमी झालंय, माझा खांदा धरून चालत होत्या. पाटाला पाणी होतं. आपण बसायचो तिथंच त्या टेकल्या. मग म्हणाल्या, "त्या दिशी मी पडद्यात आदी गेले, आठवतंय का? म्या तिला म्हटलं, पोरी, मागनं माजी सून येतीया. तिच्या वटीत नारळ हाय. तू त्यो काढशील, सरकारचा हुकूम हाय, काढ. पर परत घालशील तवा तुज्या हातानं घाल. झडती म्हणून नगं, वटी म्हणून घाल."

तू हादरलीस म्हणे. म्हणालीस, आत्याबाई, माझ्या हातनं? काही वंगाळ झालं तर?

"म्या म्हटलं, दोन डाव सवाष्णींनीच भरली हुती न्हवं, काय झालं? तवा मी चुलीम्होरं बसून हुते. माजा हात कुणी चालू दिला न्हाई, तुजा बी कुणी देत न्हाई. पर तुजा हात आता सरकारनं चालवलाय. मंत्र्याची बायको आली तरी तुज्या हाताखालनंच जाती. मग माजी सून का नगं?"

पाटाचं पाणी वाहत होतं. मी विचारलं, मला का नाही कुणी सांगितलं? आत्याबाई म्हणाल्या, तूच त्यांना तिथल्या तिथं शपथ घातलीस. नंदी पोटुशी आहे, तिला कळलं तर ती माझ्यापायी सगळ्या गावाशी भांडत सुटेल, म्हणालीस. मी म्हटलं, आणि वैशाली झाल्यावर? मग तर सांगायचं. आत्याबाईंनी पदरानं डोळे टिपले.

"म्या तेच म्हटलं तिला मिरजेला. आता सांगू या गं. तर म्हणाली, नगा आत्याबाई. सांगितलं की भांडान मिटंल. भांडायला म्हणून तरी नंदी दर खेपंला आदी माज्याकडं येती."

घरी परत कशी आले मला आठवत नाही. वैशाली ओसरीवर तुझी शिट्टी गळ्यात घालून झोपली होती. मी तिच्याशेजारी बसून राहिले. अक्का, मी जिंकले. ओटी तूच भरली होतीस. तू खोटं बोललीस, कपात खारी बुडवताना बोललीस, कैऱ्या पिळताना बोललीस, मरताना हसत हसत बोललीस, आणि मी मूर्ख, दर वेळी मुद्दे घोकून यायचे.

भांडण मिटलं बघ. पुढच्या महिन्यात आम्ही कलकत्त्याला परत जाणार, आणि उन्हाळ्यात पुन्हा येऊ. गाडी मिरजेला थांबेल. मी फलाटावर उतरू कुणाशी भांडायला?